बिनमिठाचा घास

“कागद आहे का?” आदिनाथ सरांनी विचारलं.

संगीता त्यांच्या ओसरीवर खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. चिक्कीच्या कारखान्यातून थेट आलेली, अंगाला गुळाचा आणि भाजल्या शेंगदाण्यांचा वास. लोणावळ्यात गडकिल्ल्यांचं काही विचारायचं तर सरांना विचारा, असं कुणीही सांगे. निवृत्त मास्तर, मावळच्या इतिहासावर पुस्तकं लिहिलेला माणूस. त्यांनी चहा दिला होता, तोही कपबशीतून, घरच्याला देतात तसा. त्यामुळं तिला जास्तच राग येत होता. उद्धट माणसाशी भांडता येतं. चहा पाजणाऱ्याशी काय भांडणार?

“कागद नाही सर. पण आमच्या वाडीत एका बाईला घास असतो. आंदर मावळात, खिंडीच्या खाली वाडी आहे आमची, ठाकरांची. दर सर्वपित्रीला सगळ्या पितरांना नाव घेऊन घास ठेवतात आणि शेवटचा घास तिला. कधीपासून ते कुणाला ठाऊक नाही. नाव नाही तिला.”

“नाव नाही, कागद नाही, शिलालेख नाही. मग मी लिहू काय, संगीताबाई? कुणीतरी, कधीतरी, काहीतरी केलं असेल?”

“एवढ्या फौजा गेल्या त्या खिंडीतनं. काहीतरी झालं असेलच की.”

“असेल हा शब्द आमच्यात चालत नाही.” सर हसले. “तुम्ही गोष्ट लिहा ना. गोष्टीला कोण विचारतं?”

ते सहज बोलून गेले. पण काही माणसं सहज बोललेलं बरोबर घेऊन जातात. संगीता त्यातली.

तिचं शिक्षण दहावीपर्यंत. पुढचं सगळं तिनं स्वतः मिळवलं, वाचनालयातून, रद्दीतून, जिथं सापडेल तिथून. ऐतिहासिक कादंबऱ्या तर तिनं अधाशासारख्या वाचल्या आणि प्रत्येक कादंबरी संपल्यावर चिडली. सरदाराला नाव. सरदाराच्या घोड्याला नाव. तलवारीलासुद्धा नाव! आणि कडा चढणाऱ्यांचं काय, तर ‘दोनशे मावळे कामी आले’. अरे, त्या दोनशेंना आया नव्हत्या? त्यांना कुणी हाक मारत नव्हतं? काळोखात कातळावर बोटं रुतवून चढणारा माणूस डोंगरातला, वाट दाखवणारा डोंगरातला, आणि पुस्तकात त्याच्या वाट्याला आकडा. ज्याच्या घरी कागद ठेवायला पेटी होती त्याचा इतिहास झाला. ज्याच्या घराला दारच नव्हतं, त्यानं कागद कुठं ठेवायचा होता?

ही चीड घेऊनच ती त्या संध्याकाळी घरी गेली, आणि भाकरी झाल्यावर मोबाइलवर लिहायला बसली.

तिला लिहायला फार लांब जायचं नव्हतं. लहानपणापासून पाहिलेला तो घास डोळ्यांपुढं होता. तिची आई ती रांगत असतानाच वारली. तिला वाढवलं थोरल्या चुलतीनं, चिमाबाईनं. चिमाबाईला स्वतःचं मूल नव्हतं, नवराही लवकर गेला. संगीता तिला आयेच म्हणे. चिमाबाई वाडीतली सगळ्यांत जाणती, म्हणून सर्वपित्रीचा मान तिचा. ओढ्याच्या काठाला उंबराखाली एक सपाट दगड होता. त्यावर पळसाची पानं मांडून ती एकेका पितराला हाक मारी. “ये बा धोंडू, जेव. ये बा चिंधू, जेव. ये गं ठकुबाय.” भात, भोपळ्याची भाजी, अळूची वडी, गव्हाची खीर. बाप्ये लांब उभे असत. सगळी नावं संपली की चिमाबाई पदराखालून एक छोटा द्रोण काढी. त्यात नुसता दूधभात. मीठसुद्धा नाही. तो दगडाच्या अगदी कडेला, आडोशाला ठेवी आणि इतकंच म्हणे, “आन् ह्ये तुला गं.” त्या वेळी वाडीतल्या काही बायका तोंड फिरवून उभ्या राहत.

“आये, ही कोण?” संगीतानं लहानपणी विचारलं होतं.

“हाय एक.”

“नाव काय तिचं?”

“नाव न्हाई तिला. चल, पाय उचल, पावसाचं आलंय.”

एवढंच. तेवढ्यावर संगीतानं माणूस उभं केलं.

तिनं तिचं नाव ठेवलं नवसी. ठाकराची पोर, नवरा गडावर चाकरीला. खिंडीत परक्या फौजेचा तळ पडला तेव्हा ती गवताचा भारा घेऊन तळावर जाई आणि बातमी गडावर पोचवी. एक दिवस पकडली गेली. तळावर त्यांनी तिला जेवू घातलं, तर ती म्हणाली, मी तुमचं मीठ खाणार नाही. दूधभातावर राहिली. शेवटी वाट दाखवते म्हणून धुक्यात सगळी तुकडी घेऊन निघाली, ती थेट कड्यावर. त्यांच्याबरोबर आपणही गेली. फौजेनं सूड घेऊ नये म्हणून वाडीनं तिचं नाव गिळून टाकलं. बाप्ये गडावर होते, म्हणून घास ठेवायचा मान बायकांचा, आणि तिचं नाव गिळल्याच्या शरमेनं त्या तोंड फिरवीत.

सगळं जागच्या जागी बसलं. नाव का नाही? बसलं. मीठ का नाही? बसलं. बायकाच का तोंड फिरवतात? तेही बसलं. लिहिताना तिच्या अंगावर काटा आला. जे इतकं घट्ट बसतं ते खोटं कसं असेल, असं तिला वाटलं. तिथंच ती फसली.

तरी पहिलं वाक्य तिनं इमानानं लिहिलं होतं. ‘ही गोष्ट माझ्या मनाची आहे, पण असं झालं असेल.’ फेसबुकवर टाकायच्या आधी ती रविवारी लोकलनं कान्ह्याला उतरली, टाकव्याकडच्या जीपला लटकली आणि पुढची डोंगरवाट तुडवून वाडीवर गेली, चिमाबाईला वाचून दाखवायला. चिमाबाई चुलीपुढं बसून ऐकत राहिली. कड्याशी येताच तिनं डोळ्याला पदर लावला.

“ग्वाड लिवलंस,” ती म्हणाली. “बिचारी गं.”

संगीताला एवढंच हवं होतं.

वाडीतला किरण पर्यटकांना डोंगरात फिरवायचा, वाटाड्या म्हणून. त्यानं त्या गोष्टीचा व्हिडिओ केला. धुकं, खिंड, मागं ढोल, आणि त्याचा भरदार आवाज. तो इतका चालला की पुण्या-मुंबईची माणसं ‘नवसीची खिंड’ विचारत येऊ लागली. संगीतानं पाहिला आणि त्याला फोन लावला.

“किरण, माझं पहिलं वाक्य कुटंय?”

“कोणचं?”

“माझ्या मनाची गोष्ट हाय म्हनून लिवलंय ते.”

“ताई, त्यानं लोक फुडं बघत न्हाईत. पयल्याच घासाला खडा लागल्यावानी व्हतंय.”

ती हसली. रागावायला हवं होतं, पण हसली. त्याच आठवड्यात सरांच्या इतिहास मंडळातल्या कुणीतरी लिहिलं, ‘उद्या या बाई म्हणतील, गडावर शिबंदीला चिक्की वाटायचे.’ खाली हसणाऱ्यांची ही रांग. संगीतानं ते कारखान्यात, पाकिटं भरता भरता वाचलं आणि तिचे हात थांबले. त्या दिवसापासून ती कुणालाही सांगेनाशी झाली की नवसी आपल्या मनाची आहे. कुणी विचारलं तर म्हणे, “आमच्या वाडीत विचारा.” आणि वाडीत विचारलं तर वाडी म्हणे, “संगीतानं लिवलंय की.”

मग पुढाऱ्याच्या कानावर गेलं. कुठल्या पुढाऱ्याच्या ते सोडा, सगळ्यांचे कान सारखेच. स्मारक करायचं ठरलं. आणि स्मारक म्हटलं की गाडी पोचली पाहिजे. इतकी वर्षं वाडीनं रस्ता मागितला. अडलेल्या बाईला चादरीच्या झोळीत घालून, बांबूला टांगून खाली न्यायची रीत होती. किती जणी वाटेतच मोकळ्या झाल्या, आणि किती जणी कायमच्याच सुटल्या. तेव्हा रस्ता झाला नाही. नवसीसाठी एका उन्हाळ्यात झाला. जेसीबी आला, खडी आली, डांबर आलं. बुधा, संगीताचा चुलत चुलत भाऊ, पंचायतीचा मेंबर, त्या काळ्याभोर रस्त्यावर अनवाणी चालत गेला आणि रडला. ते रडणं खरं होतं. त्याला हसायचं कारण नाही.

पुतळा पुण्याहून आला. फायबरचा, नऊवारीतला, हातात तलवार, डोळे वटारलेले. गवत विकणाऱ्या बाईच्या हातात तलवार कुठून आली, असं संगीतानं विचारलं. बुधा म्हणाला, “खुरपं बरं दिसंना.” उंबराखाली चौथरा बांधला. सपाट दगड चौथऱ्याच्या पोटात गेला. संगीतानं पाहिलं, पण तिला वाटलं, चांगलंच आहे, पायाला जुना दगड लागला.

चिमाबाई मात्र त्या दिवशी चौथऱ्याभोवती दोनदा फिरली. “दगड कुटं गेला?” तिनं विचारलं. गवंड्यानं सांगितलं, आत आहे. “आत?” ती म्हणाली. “मंग घास कुटं ठिवू?” गवंडी म्हणाला, “मावशी, आता वर ठिवायचा, पायाशी. लय मान झाला.” चिमाबाई गप्प झाली. तिचं गप्प होणं कुणी मनावर घेतलं नाही. संगीतानंसुद्धा.

मग सर्वपित्री आली. भात लोंबीवर आला होता, बांधाबांधाला सोनकी फुललेली. उंबराखाली मांडव, खुर्च्या, माईक. पुढारी आले, पर्यटकांचे ग्रुप आले, किरण तीन-तीन मोबाइल लावून उभा. चिमाबाईला हिरवं नवं लुगडं नेसवून आणलं होतं. तिनं पितरांना हाका मारायला सुरुवात केली. बुधानं तिच्या तोंडापुढं माईक धरला. आपलाच आवाज डोंगरावरून परत येतो म्हणून ती दचकत होती, पण तिनं एकही नाव चुकवलं नाही.

नावं संपली. चिमाबाईचा हात पदराखाली गेला.

“आणि आता,” किरण ओरडला, “रणरागिणी नवसीमाईचा घास!” ढोल सुरू झाला. बुधानं चांदीचा मुलामा दिलेलं ताट पुढं केलं. त्यात बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि झणझणीत रस्सा. लढवय्या बाईचं ताट; दूधभात फोटोत बरा दिसत नाही, असं बुधाचं म्हणणं. चिमाबाईनं ताटाकडं पाहिलं, पुतळ्याकडं पाहिलं, मग बुधाकडं.

“तिला तिखट लागंल रं,” ती म्हणाली.

माईक चालू होता. सगळा मांडव हसला. पुढारी हसले, किरण हसला, वाडीची पोरंबाळं हसली. संगीतासुद्धा हसली, म्हातारी भोळी आहे म्हणून. फक्त वाडीतल्या काही बायका हसल्या नाहीत. चिमाबाईनं ताटाला हात लावला नाही. पदराखालचा द्रोण तसाच पदराखाली धरून ती मांडवातून बाहेर पडली आणि चढणीनं घराकडं निघाली. बुधानं ताट स्वतःच पुतळ्याच्या पायाशी ठेवलं. फोटो निघाले.

संगीता मागोमाग गेली ती चिडूनच.

“आये, असं मधीच उठून येतंय व्हय? एवढी मानसं आल्याली!”

चिमाबाई उंबऱ्यावर बसली होती. द्रोण मांडीवर. दूध पाझरून नव्या लुगड्यावर डाग पडला होता.

“तितं कुटं ठिवू?” ती म्हणाली. “ती बाय तलवार घिऊन हुबी हाय. भ्येत्याल की.”

“कोन भ्येत्याल?”

चिमाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं एवढ्या शिकलेल्या पोरीनं हे विचारावं याचं तिला नवल वाटलं असावं.

“प्वारं,” ती म्हणाली.

संगीता खाली बसली.

“कोनाची प्वारं, आये?”

“समद्यांची. माजी हाय त्यात. तुज्या आजीची दोन हायती. बुधाच्या आयचा त्यो एक, झोळीत जल्मला नि झोळीतच गेला. शकुबायची. तिच्या सासूची. ज्यांचं बारसं झालं न्हाई, त्यांना नाव कुटलं? नाव न्हाई तर हाक कशी मारायची? घरात त्यांचं सुतक न्हाई, टाक न्हाई, काय न्हाई. बाप्ये दोन दिसात इसरत्यात. मंग समद्यांना मिळून येकच घास. मऊ भात, दूध. ल्हान जिवाला मीठ घालत न्हाईत गं, पोटात दुकतंय.”

खालून ढोलाचा आवाज येत होता.

“तुझी?” ती कशीबशी म्हणाली. “तुला व्हती?”

“पोरगी व्हती. लय क्येस व्हते डोक्याला. घास ठिवताना ‘तुला गं’ म्हंते, ती तिलाच. तुला आणायच्या आदी. तुजी आय गेली, तुला माज्या वटीत टाकलं, तवा माज्या अंगावर दूध व्हतं अजून. त्येच प्यालीस तू.”

चिमाबाई हे काही लपवलेलं सांगावं तसं सांगत नव्हती. भात कुठल्या खाचरात चांगला येतो ते सांगावं, तसं सांगत होती.

“मला का न्हाई सांगितलंस?” संगीताचा आवाज फाटला. “मी इचारलं व्हतं तुला. ल्हानपनी इचारलं, मोठेपनी इचारलं. हाय एक, म्हनायचीस.”

“जिचं प्वार जातं तिलाच सांगायचं आसतंय. शेजारी बसवून, कानात. माज्या सासूनं मला सांगितलं तसं. तुजी दोनी बाळतपनं नीट झाली. तुला सांगायची पाळी माज्यावर आली न्हाई, म्हनून देवाला नारळ फोडला मी. आन् तू म्हंतीस का न्हाई सांगितलं.”

“मग गोष्ट वाचली तवा? तवा तरी बोलायचंस!”

“मला वाटलं आसंल दुसरी कोन. तू कागदं वाचतीस. कागदात आसंल म्हनलं. ग्वाड व्हती गोष्ट.” चिमाबाई द्रोणाकडं बघत थांबली. “आमच्या प्वारांचा घास तिच्या नावावर लावशील, ह्ये कुटं ठाव व्हतं मला?”

संगीता उठली आणि धावत खाली आली. मांडव उतरत होता. बुधा खुर्च्या मोजून टेम्पोत भरत होता.

“बुधा, ह्ये खोटं हाय,” ती म्हणाली. “नवसी मी केली. माज्या मनातनं. कोन नव्हती तसली.”

“व्हय,” बुधा म्हणाला आणि खुर्ची उचलली.

“व्हय काय? आरं, त्यो घास प्वारांचा हाय. तुज्या भावाचा हाय त्यात.”

बुधाच्या हातातली खुर्ची खाली आली. त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या आईनं मरताना ते बरोबर नेलं होतं. मग त्यानं पुतळ्याकडं पाहिलं आणि रस्त्याकडं हात केला.

“त्या रस्त्यानं गाडी आली आसती तर माजा भाऊ वाचला आसता का न्हाई?”

“वाचला आसता.”

“मंग सांग. खऱ्या प्वारांसाठी आला व्हता का रस्ता? येवढी मेली, तर एक खडीचा डंपर आला का? तुज्या खोट्या बाईसाठी आला. आता मी तिला खोटी म्हनू? उद्या कुनाची बाई अडली आन् गाडी न्हाई आली, तर तू येनार हाईस खांदा द्यायला?”

“पर मीच लिवलंय, बुधा. मी सांगते ना, मीच!”

“लिवलंस तवा तुजी व्हती. आता आमची हाय. गप ऱ्हा.” ते तो रागानं बोलला नाही. अजिजीनं बोलला. ते रागापेक्षा वाईट होतं.

तरी तिनं लिहिलं. फेसबुकवर सगळं खरं लिहिलं, घासासकट, पोरांसकट. लोकांनी तिला फितूर म्हटलं. किती घेतलेस म्हणून विचारलं. किरणनं तिचा नंबर ब्लॉक केला. एकानं लिहिलं, ‘नवसीमाईच्या बलिदानावर शिंतोडे उडवणाऱ्या या बाईला वाडीत पाय ठेवू देऊ नका.’ अरे, वाडी तिची. नवसी तिची. आणि पाय कुणी ठेवायचा ते हा सांगणार!

मग ती पुन्हा आदिनाथ सरांच्या ओसरीवर गेली. जाताना तिला वाटलं होतं, सर म्हणतील, बघा, मी सांगत होतो. सर तसं म्हणाले नाहीत. त्यांनी आतून कागद आणून तिच्यापुढं ठेवले. स्मारकाचा ठराव, उद्घाटनाची पत्रिका, वर्तमानपत्रांतली कात्रणं, रस्त्याच्या कामाचा आदेश. प्रत्येकावर नवसीचं नाव.

“आता कागद आहे, संगीताबाई,” ते म्हणाले. “मी गेल्यावर कुणी माझ्यासारखाच येईल, हे बघेल आणि लिहील. इमानानं लिहील. त्याची काही चूक नसेल.”

“तुम्ही लिहा ना सर. तुम्ही लिहिलं तर मानतील. ती नव्हती म्हणून लिहा. पोरं होती म्हणून लिहा.”

“लिहीन. लिहिलंयही थोडं. पण तुमच्याकडं बाई होती, खिंड होती, कडा होता. माझ्याकडं नुसतं ‘नाही’ आहे. ‘नाही’ कोण वाचतं?” सरांनी चष्मा काढला. “तुम्हाला गोष्ट लिहा म्हणालो, ते मी टाळायला म्हणालो होतो. त्या वेळी उठून तुमच्याबरोबर वाडीवर यायला हवं होतं. म्हातारीजवळ बसायला हवं होतं. मी कागद मागितला.”

“मी तर तिच्याच मांडीवर वाढले,” संगीता म्हणाली. “मी तरी कुठं बसले?”

चहा आला. दोघांनीही प्यायला नाही.

भाताची झोडणी झाल्यावर ती वाडीवर गेली. चिमाबाई अंगणात उन्हाला बसली होती. सर्वपित्रीपासून तिचं जेवण तुटलं होतं. घास ठेवला गेला नाही, पोरं उपाशी राहिली, हे तिच्या मनानं धरलं होतं. संगीता तिला म्हणाली होती, आपण घरामागं दुसरा दगड मांडू. पण चिमाबाईनं मान हलवली. त्यांना तीच वाट ठाऊक, इतक्या लहान पोरांना नवी जागा कशी सापडणार, असं तिचं म्हणणं. संगीतानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून फणी फिरवू लागली.

“संगे,” चिमाबाई डोळे मिटूनच म्हणाली, “त्या बाईची लिवलीस, तशी माज्या पोरीची सांग.”

“कशी?”

“ऱ्हायली आसती तर काय झालं आसतं, त्ये. तुला येतंय की. जे झालंच न्हाई त्येबी तुला दिसतंय.”

संगीताचा हात थांबला. तिला नाही म्हणायचं होतं. पण आयुष्यात या बाईनं तिच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

“नाव काय ठिवू तिचं?”

“नाव नगं. नाव घातलं की ती दुसरी व्हती. तशीच सांग.”

मग संगीतानं सांगायला घेतलं. दबकत, एकेक शब्द चाचपत. “ती मोठी झाली. केस लांबसडक. तुज्यावानी काळीसावळी…”

“काळी नगं. बापावानी गोरी व्हती.”

“बरं, गोरी. लावणीला सगळ्या बायांच्या फुडं असायची. गानी म्हनायची.”

“माज्यावानी भसाडा आवाज?”

“न्हाई गं. ग्वाड. मग तिचं लगीन झालं. खाली टाकव्याच्या अंगाला दिली. घर चांगलं. नवरा कंपनीत.”

“पितो का?”

“न्हाई पीत.”

“मंग खोटं सांगतीस,” चिमाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. संगीताला धीर आला. ती रंगून सांगू लागली. पोरीची पोरं सांगितली, थोरला मुलगा आजीवर गेलेला. तिच्या दारातली म्हैस सांगितली. तिचा हात कसा जड, भाकरी कशी जाड, म्हणून सासू कशी बोलायची, आणि शेवटी त्याच सासूचं दुखणं तिनं कसं काढलं, तेही सांगितलं. शब्द आपोआप येत होते. चिमाबाई डोळे मिटून हूं, हूं करत होती. तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या होत्या. अंगणात कोंबड्या सांडलेलं भात टिपत होत्या.

“आता तिच्याबी केसात पांढरं आलंय,” संगीता म्हणाली. “पर अजून चालली की रस्ता दनानतो. सुकात हाय, आये. लय सुकात हाय.”

चिमाबाईनं डोळे उघडले. ते स्वच्छ होते, भ्रम झालेल्या माणसाचे नव्हते. ती उठून बसली, पदर नीट केला आणि संगीताच्या तोंडाकडं पाहिलं.

“समदं बेस हाय म्हंतीस. घरदार हाय, नवरा चांगला हाय. टाकवं काय लांब न्हाई, आता तर दारापातूर गाडी येतीय.”

“व्हय.”

“मंग येवढ्या सालांत येकदा बी मला बघाया का आली न्हाई गं ती?”

संगीतानं तोंड उघडलं. नाव का नाही, याचं उत्तर तिनं एकदा रचलं होतं. मीठ का नाही, याचंही रचलं होतं.

“सांग की,” चिमाबाई म्हणाली.